ऑटोमॅटिक मस्टँगसाठी सुपरचार्जर कोणता घ्यावा?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१९ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. ५.० लिटरचं कोयोटी इंजिन, १० गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.१५. मुक्काम सॅक्रामेंटो. म्हणजे पंपावर ९१ ऑक्टेनच्या वर काही मिळत नाही आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या पलीकडे.

सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा, पट्ट्यावर फिरणारा पंप) बसवायचा हे ठरलंय. टर्बो नको, त्याचे पाइप आणि उष्णता यांत मला पडायचं नाही. किटसाठी आठ-दहा हजार डॉलर आणि वर मजुरी, एवढी तयारी आहे. रोज ऑफिसला हीच गाडी असते, सुट्टीत टाहोकडे डोंगरात जातो, ड्रॅग स्ट्रिपवर क्वचित.

अडचण अशी की सुपरचार्जरवर जे लिहिलेलं सापडतं त्यातलं निम्मं मॅन्युअलवाल्यांनी लिहिलेलं असतं. क्लच कुठला, शिफ्ट चुकली तर काय, वगैरे. माझ्या गाडीत गिअर कधी टाकायचा ते गाडी ठरवते. मग रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्यूगल, याचं उत्तर ऑटोमॅटिकसाठी वेगळं असतं का? स्वतः बसवलेल्यांनी कृपया लिहा.

उनाडटप्पू

पहिला!

ज्याची शिट्टी शेजारच्या गल्लीत ऐकू जाते तो घ्या. बाकी तांत्रिक मंडळी येतीलच.

तेलकट_हात

चांगला धागा. आधी प्रकार स्पष्ट करतो, म्हणजे पुढची चर्चा सगळ्यांना कळेल.

रूट्स हा सगळ्यात जुना. इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० च्या सुमारास काढला, तोही भट्ट्या आणि खाणींना हवा पुरवायला. तेव्हा गाड्या होत्याच कुठे? हॉट रॉडवाले ज्याला अजून ६-७१ म्हणतात तो ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच) मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा. ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. आजचा रूट्स म्हणजे ईटनचा टीव्हीएस: चार पाकळ्यांचे रोटर, १६० अंशांचा पीळ. जुन्या तीन पाकळ्यांच्या ईटनपेक्षा हा हवा बरीच कमी तापवतो. रूश, एडलब्रॉक, मॅग्नसन सगळे हाच वापरतात.

ट्विन-स्क्रूमध्ये हवा दोन स्क्रूंच्या मधे आतल्या आतच दाबली जाते. व्हिपल आणि केन बेल हे त्यातले. डॉजच्या हेलकॅट गाडीचा २.४ लिटरचा आयएचआय कंपनीचा ब्लोअरही ट्विन-स्क्रूच.

हे दोन्ही प्रकार प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतात, त्यामुळे २,००० आरपीएमलाही दाब हजर. सेंट्रिफ्यूगल (प्रोचार्जर, व्होर्टेक, पॅक्सटन) म्हणजे पट्ट्यावर फिरणारा टर्बोचा पुढचा अर्धा भाग. त्याचा दाब ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो. ७,००० ला ९ पीएसआय (दाबाचं माप) देणारा ३,५०० ला सव्वादोनच देतो.

रोजची गाडी असेल तर माझं मत टीव्हीएस. पाय ठेवला की गाडी निघते.

पाचवा_गिअर

तेलकटराव, माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी असहमत. तुम्ही ३,५०० चं उदाहरण दिलंत. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबल्यावर इंजिन ३,५०० ला राहतं किती वेळ?

धागाकर्त्याच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा गिअरची गुणोत्तरं हा आहे. २०१५ ते १७ च्या मस्टँगला ६ गिअरचा ऑटोमॅटिक होता: ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७, ०.६९. त्यात ७,००० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की इंजिन सुमारे ४,५५० ला पडायचं. सेंट्रिफ्यूगलचा दाब तिथे वरच्या दाबाच्या ४२ टक्के. तक्रार रास्त.

२०१८ पासूनच्या १० गिअरवाल्यात तिसरा २.१४६, चौथा १.७६९, पाचवा १.५२०. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन ५,७७० ला, चौथ्यातून पाचव्यात ६,००० च्या वर. तिथे दाब ६८ ते ७४ टक्के शिल्लक असतो. मॅन्युअलवाल्याला सेंट्रिफ्यूगलची जी उणीव भासते, ती या गिअरबॉक्सने बरीचशी भरून काढली आहे. खालचा दम हवा असेल तर गिअरबॉक्स दोन-तीन गिअर खाली उतरतोच की.

शिवाय कंपनीचा इनटेक मॅनिफोल्ड जागेवर राहतो. गाडी विकताना किट काढून पूर्ववत करणं सोपं.

तेलकट_हात

पाचवा_गिअर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काय होतं ते तुम्ही वगळलंत. २.९८५ वरून २.१४६, म्हणजे ७,००० वरून ५,०३०. दाब निम्मा. आणि रस्त्यावर माणूस दुसऱ्या-तिसऱ्यातच असतो. पाचव्यात ७,००० ला पोचेपर्यंत पोलिसांची गाडी मागे लागलेली असेल.

पाचवा_गिअर

बरोबर आहे, तिथे फरक पडतो. तरी पहिल्या दोन गिअरमध्ये टायरला तेवढाच दाब पुरतो. बाकीचा धूर होऊन जातो.

ह्यूस्टनचा_वारा

हे सगळं करण्यापेक्षा सरळ वापरलेली हेलकॅट घ्या. ७०७ एचपी कारखान्यातूनच, फोर्ज्ड पिस्टन, त्या ताकदीला पेलणारा ८ गिअरचा ऑटोमॅटिक, ब्रेक, कूलिंग, सगळं एका हाताने जुळवलेलं. दहा हजारांचं किट, मग टायर, मग टाकीतला इंधन पंप, मग हाफशाफ्ट... शेवटी बेरीज करा.

डोंगरवाट

@ह्यूस्टनचा_वारा, विचार केला होता. पण मला हीच गाडी आवडते आणि हेलकॅट चॅलेंजर डोंगरातल्या वळणांना मला अंगाने मोठी वाटते.

@तेलकट_हात, @पाचवा_गिअर, गुणोत्तरांचा हिशेब फार उपयोगी पडला. एक शंका: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) बदलून जास्त स्टॉलचा (सुटताना इंजिनाला जास्त आरपीएमवर जाऊ देणारा) घेतला तर सेंट्रिफ्यूगलची खालची उणीव जाते असं वाचलं. खरं का?

मिशिगनकर

मी ट्रान्समिशन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कन्व्हर्टरबद्दल आधी. जुन्या ३-४ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर हे मोठं औषध होतं, कारण कन्व्हर्टर बराच वेळ घसरत राहायचा आणि इंजिन वर राहायचं. आताचे ८ आणि १० गिअरचे बॉक्स लॉकअप क्लच फार लवकर जोडतात, चालू गाडीत कन्व्हर्टर बहुतेक वेळ लॉकच, घसरतच नाही. त्यामुळे स्टॉलचा फायदा प्रामुख्याने थांब्यावरून सुटतानाच. त्यासाठी रोजच्या गाडीत जास्तीची घसरण आणि तेलाची जास्तीची उष्णता घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. इंजिन किती टॉर्क देतंय याचा अंदाज इंजिनचा कॉम्प्युटर सतत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सांगत असतो. त्या आकड्यावर क्लचचा दाब ठरतो, शिफ्टच्या क्षणी इंजिनाने किती मागे यायचं ते ठरतं. सुपरचार्जर लावल्यावर खरा टॉर्क ६०० पाउंड-फूट आणि मॉडेल सांगतंय ४२०, असं झालं की क्लचवर दाब कमी पडतो. क्लच प्रत्येक शिफ्टला किंचित जास्त वेळ घसरतो. चालवणाऱ्याला शिफ्ट मऊ वाटते, बरं वाटतं, आणि आत प्लेट जळत असतात. कधी हे जाणूनबुजूनही होतं: काही ट्यूनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणारे) टॉर्कचा आकडा मुद्दाम खोटा कमी दाखवतात, म्हणजे कंपनीच्या मर्यादा आडव्या येत नाहीत. मॅन्युअलमध्ये हे एक वेळ खपून जातं, ऑटोमॅटिकमध्ये नाही.

म्हणून माझ्या मते ऑटोमॅटिकवाल्याने सुपरचार्जर निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो असा: या किटबरोबर येणारी ट्यून माझ्या नेमक्या गिअरबॉक्ससाठी आहे का, आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदललंय? ब्लोअर कुठला हा प्रश्न त्यानंतर. उत्तर 'गिअरबॉक्स आपोआप शिकतो' असं आलं तर तिथून निघा. शिकतो हे खरं आहे, पण इंजिनाकडून मिळणारा आकडा खरा आहे असं धरूनच शिकतो.

अबोली

मिशिगनकर, शब्दाशब्दाशी सहमत. माझी शेवरले कॅमॅरो एसएस आहे, ८ गिअरची, डेन्व्हरला. ज्या गॅरेजने किट बसवलं (नाव लिहीत नाही) त्यांनी इंजिनाची ट्यून चोख केली आणि गिअरबॉक्सला हातही लावला नव्हता. डायनोचा (ताकद मोजण्याच्या यंत्राचा) कागद बघून सगळे खूश. दोनेक महिन्यांत तिसऱ्यातून चौथ्यात जाताना टॅकोमीटरचा काटा आधी दोन-तीनशेनी वर उडायचा आणि मग खाली यायचा. शिफ्टला एक उसासा टाकल्यासारखा आवाज. तेल काढून बघितलं तर लालचं तपकिरी झालेलं आणि करपलेला वास. पॅनमधल्या चुंबकावर काळा लगदा. नशीब, धातूचे तुकडे नव्हते. दुसऱ्या ट्यूनरकडून टॉर्क मॉडेल नीट करून घेतलं, तेल आणि फिल्टर बदलले, मोठा कूलर लावला. तेव्हापासून ठीक आहे.

टॅकोमीटर बघत जा. शिफ्टच्या वेळी काटा सरळ खाली यायला हवा. आधी वर गेला की समजा, क्लच घसरतोय.

कॅमॅरोवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. आपल्या एलटी१ इंजिनात फक्त डायरेक्ट इंजेक्शन आहे, इंधन लवकर अपुरं पडतं, मग एलटी४ इंजिनाचा हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर लागतात. आणि क्रँकची पुढची पुली खाचेत बसणाऱ्या 'की'ने अडकवलेली नाही, केवळ बोल्टच्या आवळण्यावर धरलेली आहे. पट्ट्याचा ताण वाढवणार असाल तर ती पिन करून घ्या.

डोंगरवाट

अबोलीताई, काट्याची खूण फार कामाची. धन्यवाद. कोयोटीत इंधनाचा प्रश्न तितका नाही ना?

तेलकट_हात

२०१८ पासून कोयोटीत पोर्ट आणि डायरेक्ट दोन्ही इंजेक्शन आहेत, त्यामुळे वाव जास्त. पण कॉम्प्रेशन १२:१ आहे हे विसरू नका. आधीच्या पिढीत ११:१ होतं. १२:१ वर दाब आणि त्यावर ९१ ऑक्टेन, म्हणजे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्यावं लागणार. किटच्या जाहिरातीतला आकडा ९३ ऑक्टेनचा आहे का ते बारीक अक्षरांत वाचा. ९१ चा आकडा वेगळा आणि कमी असतो.

ऑइल पंपाचे गिअर हाही कोयोटीचा माहितीतला दुबळा भाग. पावडर मेटलचे असतात, सुपरचार्जरवर वरच्या आरपीएमला आणि लिमिटरला आपटताना फुटू शकतात. इंजिन पुढून उघडणारच असाल तर बिलेट (एकसंध धातूतून कापलेले) गिअर आणि क्रँक स्प्रॉकेट टाकून घ्या.

उनाडटप्पू

बिल पण बिलेटचंच येणार बहुतेक.

रात्रपाळी

अवांतर, पण महत्त्वाचं. धागाकर्ते कॅलिफोर्नियात आहेत. तिथे किटला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक, म्हणजे मान्यता क्रमांक, नसेल तर ते रस्त्यावर कायदेशीर नाही. क्रमांक त्या मॉडेल वर्षाला आणि इंजिनाला लागू हवा, 'कंपनी प्रसिद्ध आहे' एवढ्याने भागत नाही. जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये (प्रदूषण तपासणीत) कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरही तपासतात. म्हणजे मान्यताप्राप्त किट बसवून वर स्वतःच्या आवडीची ट्यून टाकली, लहान पुली लावली, तर तेही चालणार नाही. ८ मॉडेल वर्षांपर्यंत नियमित स्मॉग चेकमधून सूट असते, पण २०१९ ची गाडी त्या रेषेच्या जवळ आलीच आहे.

यादी कार्बच्या संकेतस्थळावर आहे. आधी ती उघडा, मग रूट्स की स्क्रू यावर वाद घाला. निम्मे पर्याय तिथेच गळतील.

विम्यालाही कळवा. अपघातानंतर बॉनेट उघडल्यावर त्यांना कळणं बरं नाही.

डोंगरवाट

रात्रपाळी, कार्बचं माहीत होतं, पण पुली बदलली तरी मान्यता जाते हे नव्हतं. याचा अर्थ किट जसं येतं तसंच ठेवायचं. मग मोठा ब्लोअर घेऊन पुढे वाढवू हा विचारच बाद.

पाचवा_गिअर

बरं, मग उष्णतेचं बोला. ४० अंशांत ट्रॅफिकमध्ये टीव्हीएस ब्लोअर इंजिनाच्या दोन बँकांच्या मधोमध चुलीवर ठेवलेल्या भांड्यासारखा बसलेला असतो. इंटरकूलरचं (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचं) पाणीही तापतं. सेंट्रिफ्यूगल पुढे एका बाजूला, प्रोचार्जरचा इंटरकूलर हवेवर थंड होणारा, ग्रिलच्या मागे. सॅक्रामेंटोला मी हेच घेतलं असतं.

मिशिगनकर

या मुद्द्यात तथ्य आहे. आकडे मांडतो. समुद्रसपाटीला ७ पीएसआय म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.४८. बाहेर ४० अंश असताना, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण ९३ अंश सेल्सिअस. ही इंटरकूलरच्या आधीची स्थिती. इंटरकूलरने ती ५५-६० वर आणली तर टायमिंग बऱ्यापैकी टिकतं. सिग्नलला दहा मिनिटं थांबून पाणीच ६० ला पोचलं असेल तर पहिल्या दाबाला कॉम्प्युटर टायमिंग मागे खेचणार. गाडी बिघडत नाही, ताकद कमी मिळते. एक-दोन मिनिटं वाहती हवा मिळाली की पुन्हा ठीक.

पण हवेवरचा इंटरकूलरही रेडिएटर आणि ट्रान्समिशन कूलरच्या पुढे बसतो आणि त्यांची हवा अडवतो. ऑटोमॅटिकमध्ये याचा विचार करायलाच हवा. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान डॅशबोर्डवर घेऊन ठेवा, दोन्ही प्रकारांत.

आणखी एक बाजू कोणी मांडली नाही, ती गिअरबॉक्सवरच्या भाराची. सेंट्रिफ्यूगलचे ७०० एचपी ७,००० ला येतात, तेव्हा टॉर्क ५२५ पाउंड-फूट. टीव्हीएस ४,००० लाच ६०० च्या घरात टॉर्क देऊ शकतो, आणि क्लच टॉर्क बघतात, एचपी नाही. त्या दृष्टीने सेंट्रिफ्यूगल गिअरबॉक्सशी जास्त सौम्य. मात्र टीव्हीएसमध्ये अर्ध्या पायावरच काम भागतं, गिअरबॉक्सला सतत खाली-वर करावं लागत नाही. घाटात हा फरक हाताला जाणवतो.

अबोली

टाहोसाठी मीही टीव्हीएसच म्हणेन. उंचीवर राहते म्हणून सांगते. डेन्व्हरला हवेचा दाब १२.२ पीएसआयच्या आसपास, सात हजार फुटांवर तर समुद्रसपाटीच्या पाऊणपट. साधं इंजिन तिथे दमतं आणि १० गिअरचा बॉक्स चढावर सारखा गिअर शोधत बसतो. खालचा टॉर्क असेल तर तो एकाच गिअरमध्ये शांत चढतो. वळणातून बाहेर पडताना पाय हळू दाबला तर किक-डाउन (गिअर एकदम खाली उतरणं) न होता गाडी निघते, मागचे टायर अचानक सुटत नाहीत. सेंट्रिफ्यूगलमध्ये त्याच जागी किक-डाउन होतो, आरपीएम उडी मारतात आणि दाब पायाच्या अंदाजापेक्षा उशिरा येतो. ओल्या रस्त्यावर मला ते आवडत नाही.

दोन्हींचा जास्तीचा दाब वर गेल्यावर घटतोच. खाली ७ पीएसआय देणारा डेन्व्हरला सुमारे ५.८ देतो. तरी बिनब्लोअरच्या गाडीपेक्षा कितीतरी बरं.

ह्यूस्टनचा_वारा

अबोली, हे पटलं. हेलकॅट चालवतानाही हेच जाणवतं, घाई करावी लागत नाही. फुल थ्रॉटलला तो ब्लोअर फिरवायलाच सुमारे ८० एचपी खर्च होतात असा आकडा कंपनीनेच दिला होता. पण साध्या चालीत बायपास झडप (हवा दाबाविना परत फिरवणारी) उघडी असते, तेव्हा तो जवळजवळ फुकट फिरतो.

तेलकट_हात

हो, आणि धागाकर्त्याच्या गाडीचा हिशेब सांगतो: दहावा गिअर ०.६३६, मागे ३.१५, म्हणजे ताशी ७० मैलांना इंजिन साधारण १,७५० आरपीएम. तिथे बायपास उघडी, दाब शून्य. हायवेवर मायलेज फारसं हलत नाही.

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्यापुरतं असं ठरतंय.

आधी कार्बची यादी, २०१९ च्या ५.० ला आणि १० गिअरच्या ऑटोमॅटिकला लागू असलेलं टीव्हीएसचं किट. पुली आणि ट्यून जशी येईल तशी. बसवण्याआधी ट्रान्समिशन तेल, फिल्टर आणि मोठा कूलर. ऑइल पंपाचे गिअर त्याच वेळी. मागचे टायर आधीच. ट्यून कोणाची आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काय बदललंय, हे लेखी विचारून मगच पैसे भरणार.

पाचवा_गिअर, तुमचा हिशेब वाचून क्षणभर पारडं फिरलं होतं. टाहोने निकाल लावला. माझ्या वापरात ५,००० च्या वर इंजिन फार थोडं जातं, आणि मला मजा हवी आहे ती त्याच्या खालीच.

पाचवा_गिअर

योग्य निवड, तुमच्या वापराला. स्ट्रिपवर नियमित जाणाऱ्या १० गिअरवाल्याला मी अजूनही सेंट्रिफ्यूगलच सांगेन.

मिशिगनकर

सेंट्रिफ्यूगल असो वा टीव्हीएस, ट्यून झाल्यावर पहिले काही दिवस हलक्या पायाने चालवा आणि सगळ्या गिअरमधून वर-खाली जाऊ द्या. गिअरबॉक्स प्रत्येक क्लच किती वेळात भरतो ते तेव्हा शिकतो. लगेच डायनोवर नेऊन पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

अबोली

आणि इंटरकूलरच्या पाण्यातली हवा नीट काढून घ्या. गाडीचं नाक जरा उंच करून, पंप चालू ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत. टाकीचं झाकण उघडून बघा, पाणी फिरताना दिसलं पाहिजे. हवा अडकलेली असली की पंप फिरतो पण पाणी फिरत नाही, आणि मग ४० अंशांत माणूस ट्यूनरला दोष देत बसतो.

उनाडटप्पू

शिट्टीचं रेकॉर्डिंग टाका मात्र. मी त्यासाठीच थांबलोय.